चॉकलेटच्या चांदीचा राजवाडा

दोस्तांनो, चॉकलेट खाऊन झालं की त्याच्या चांदीचं तुम्ही काय करता? बहुतेक जण गोळी करून बाकाखाली टाकता, हे मला पक्कं ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर त्या गोळ्या मीच वेचते ना! पण वर्गात दोनचार मुली अशा असतातच, की ज्या ती चांदी नखाने घासून घासून गुळगुळीत करतात आणि इतिहासाच्या पुस्तकात जपून ठेवतात. या मुली पोलंड देशातल्या क्राकोव शहरात जन्मल्या असत्या, तर त्यांना मोठा मान मिळाला असता. तिथे या चांदीचे चक्क राजवाडे बांधतात. दोन-दोन मजले, तीन-तीन मनोरे, रंगीत काचांच्या खिडक्या, सोनेरी घुमट, आणि आत बोटाच्या पेराएवढी माणसं! आणि हे सगळं नाताळासाठी.

आधी नकाशा उघडा पाहू. युरोपात जर्मनी शोधा. त्याच्या पूर्वेला लागूनच पोलंड. आता पोलंडच्या दक्षिण भागात या. व्हिस्टुला नदीच्या काठी क्राकोव दिसेल. आज पोलंडची राजधानी वॉर्सा आहे, पण जुन्या काळी कित्येक शतकं राजे क्राकोवलाच राहत. आपल्याकडे सातारा किंवा कोल्हापूर म्हटलं की कसं गादीचं शहर आठवतं, तसंच तिथल्या लोकांना क्राकोवचं वाटतं.

माझा दादा नोकरीनिमित्त तिथे असतो. वहिनीला बाळ होणार होतं, म्हणून मी रजा काढून नोव्हेंबरच्या शेवटी गेले ती नाताळ संपल्यावरच परतले. थंडी म्हणजे काय, ते तिथे कळलं. दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो हो! चार वाजता रस्त्यावरचे दिवे लागलेले. आपल्याकडे त्या वेळी मधली सुट्टी संपून दोन तास झालेले असतात आणि मुलं मैदानावर धूळ उडवत असतात.

शहराच्या मधोमध एक भलामोठा चौक आहे. त्याला रिनेक म्हणतात. एकेक बाजू सुमारे २०० मीटर लांब. हा चौक १२५७ साली आखला, आणि आजही त्याच आखणीवर शहर उभं आहे. मध्यभागी लांबलचक कापडबाजार, त्याच्या कमानींखाली दुकानं. एका कोपऱ्यात मारियाचं चर्च, लाल विटांचं. या चर्चला दोन मनोरे आहेत, पण गंमत अशी की दोन्ही सारखे नाहीत. एक सुमारे ८० मीटर उंच, तर दुसरा ७० च्या आसपास. उंच मनोऱ्याच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेला मुकुट आहे.

दोन्ही मनोरे दोन सख्ख्या भावांनी बांधायला घेतले होते, अशी दंतकथा सांगतात. थोरल्याचा मनोरा आधी झाला. पण धाकट्याचा पाया जास्त मजबूत. तो आणखी वर चढवला तर आपल्यापेक्षा उंच होणार, या मत्सराने थोरल्याने त्याला सुऱ्याने मारलं. धाकट्याचा मनोरा तसाच बुटका राहिला. तो सुरा म्हणून एक लोखंडी सुरा आजही कापडबाजाराच्या दारात टांगलेला आहे. मी मान वर करून पाहिला. गोष्ट खरी असो नसो, सुरा मात्र खरा आहे.

आणि उंच मनोऱ्यावर दर तासाला एक माणूस कर्णा वाजवतो. दिवसा आणि रात्रीसुद्धा! चारी दिशांच्या खिडक्यांतून एकेकदा. पण सूर पुरा होतच नाही, मध्येच तुटतो. फार पूर्वी तातारांची स्वारी आली तेव्हा पहारेकऱ्याने कर्ण्याने शहराला जागं केलं आणि वाजवता वाजवताच त्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून सूर तिथेच तोडायचा, अशी दंतकथा आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचाऱ्याला ठसका लागला असेल.

एवढं सगळं आधी सांगून ठेवलं, कारण पुढच्या गोष्टीत हे मनोरे, हा मुकुट आणि हा कर्णा पुन्हा पुन्हा येणार आहेत.

दादाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक आजोबा आणि त्यांची नात राहतात. नात चौथीतली. शाळेत इंग्रजी शिकते, त्यामुळे आमचं थोडं इंग्रजीत, थोडं हातवाऱ्यांत आणि अडलं तर वहिनीमार्फत चालायचं. ती मला ‘पानी’ म्हणायची. मी पहिल्यांदा तिला पेला भरून पाणीच नेऊन दिलं! मग वहिनी पोट धरून हसत म्हणाली, “अहो वन्सं, पोलिश भाषेत पानी म्हणजे बाई.” म्हणजे सातासमुद्रापलीकडेही मी बाईच.

त्या घरात पाऊल टाकलं आणि मी थबकलेच. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर पुठ्ठ्याचे तुकडे, डिंकाची बाटली, कात्र्या, आणि बुटांच्या चार खोक्यांत रंगांप्रमाणे वेगळ्या केलेल्या चकचकीत चांद्या. लाल, निळी, हिरवी, सोनेरी. मध्ये आजोबांचा राजवाडा उभा होता, जवळजवळ माझ्या कमरेएवढा. शेजारी नातीचा, वीतभर उंच.

“शोप्का,” ती म्हणाली.

शोप्का म्हणजे छोटीशी पडवी किंवा गोठा. आपण गोठ्याला लाडाने ‘गोठुला’ म्हणू, तसं. येशूचा जन्म बेथलेहेम गावात गोठ्यात झाला, धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून हा प्रसंग उभा केला. तिथून ही पद्धत गावोगाव गेली. आपल्याकडे वसईत आणि गोव्यातही नाताळात घरोघरी गोठे करतात. गवत, डोंगर, मातीची मेंढरं, सगळं असतं.

पण क्राकोवच्या लोकांनी भलतंच केलं. गोठ्याचा त्यांनी राजवाडा केला! बाळ येशू बेथलेहेमच्या गोठ्यात नाही, तर क्राकोवच्या चर्चमध्ये, राजवाड्यात, किल्ल्यात जन्मला, असं ते दाखवतात. म्हणून शोप्कामध्ये मारियाच्या चर्चचे ते दोन मनोरे असतात, वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलचा सोनेरी घुमट असतो, वेशीबाहेरचा गोल बुरूज असतो, कापडबाजाराच्या कमानी असतात. कोणी एकच इमारत हुबेहूब करत नाही. हिचा मनोरा, तिचा घुमट आणि तिसरीची खिडकी असं जोडून एक नवीच इमारत उभी राहते. दिसते मात्र अगदी क्राकोवची.

हे सुचलं कोणाला? गवंड्यांना. तिथल्या हिवाळ्यात पाणी गोठतं, मग चुना कालवायचा कसा आणि विटा रचायच्या कशा? बांधकामं बंद, मजुरी बंद. घरात पोरंबाळं. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शहराबाहेरच्या वस्त्यांमधले गवंडी आणि कारागीर हिवाळ्यात शोप्का बांधायला लागले. उन्हाळ्यात खऱ्या कमानी बांधणारे हात ते! त्यामुळे पुठ्ठ्याची कमानसुद्धा कशी तोलदार. लहान शोप्का चौकात विकायच्या. मोठ्या शोप्का खांद्यावर घेऊन श्रीमंतांच्या दारी जायचं, गाणी म्हणायची आणि खालच्या मजल्यावर छोट्या बाहुल्यांचा खेळ करून दाखवायचा. दुष्ट हेरोद राजा, कोयता घेतलेला मृत्यू, शिंगवाला सैतान, अशी पात्रं. त्या चार पैशांवर हिवाळा निघायचा. मिखाऊ एझेनेकिएर नावाचा एक गवंडी यात इतका तरबेज होता की त्याने केलेली शोप्का आज तिथल्या लोकजीवनाच्या संग्रहालयात ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच! रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला होता. पण शोप्काच्या अंगणात पोलिश वीर उभे राहायचे. कोश्चुश्को नावाचा त्यांचा सेनानी हटकून असायचा. आपण दिवाळीत किल्ला करतो, त्यावर महाराज आणि मावळे ठेवतो, तेव्हा आपल्याला जे वाटतं तेच त्यांनाही वाटत असणार.

आता टेबलाकडे परत येऊ. मी रोज संध्याकाळी वहिनीचं आवरून वर जायला लागले. आजोबांचं काम पाहत राहावं असं होतं. आधी पातळ लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. त्यावर पुठ्ठ्याच्या भिंती. खिडक्या आधीच कापून घ्यायच्या आणि मागून रंगीत जिलेटीन कागद चिकटवायचा, म्हणजे आत दिवा लावला की लाल-निळा उजेड बाहेर पडतो. मनोरे एकदम न चिकटवता वेगळे करायचे, सजवायचे आणि शेवटी बसवायचे. का? तर एकदा मनोरा उभा राहिला की त्याच्या मागच्या बाजूला बोट जात नाही.

चांदी लावणं हे सर्वांत नाजूक काम. ती सरळ नुसती चिकटवली तर पत्र्यासारखी दिसते. आजोबा आधी तिला मऊ कापडावर पालथी घालत आणि बोथट सळीने तिच्यावर रेघा, ठिपके, फुलं उठवत. सुलटी केली की नक्षी वर आलेली! मग तिचे बारीक तुकडे कापून एकावर एक लावायचे, माशाच्या खवल्यांसारखे. झालं छप्पर. हल्ली दुकानात जाड रंगीत चांदी मिळते, ती फाटत नाही. पण नातीचा हट्ट असा की आपल्या शोप्काला चॉकलेटचीच चांदी लावायची. त्यासाठी तिने आणि तिच्या मैत्रिणींनी जानेवारीपासून गोळा केली होती. म्हणजे वर्षभर चॉकलेट खाल्लं होतं, असं म्हणा!

माणसं कणकेसारख्या मऊ मातीची. मधल्या मजल्यावर मारिया, योसेफ आणि बाळ. खाली अंगणात सगळं क्राकोव जमलेलं. वावेलच्या गुहेतला ड्रॅगन तर हवाच. हा ड्रॅगन लोकांची गुरं खायचा. एका चांभाराच्या पोराने मेंढीच्या कातड्यात गंधक भरून त्याच्यापुढे टाकलं. त्याने ते गिळलं, पोटात आग पडली, म्हणून नदीचं पाणी पीत सुटला आणि फट्‌कन फुटला. कोंबड्यावर बसून चंद्रावर गेलेला जादूगार त्वार्दोव्स्कीही होता. आणि कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारा लायकोनिक होता. त्याला पाहून मी ओरडलेच, कारण आपल्या गोव्यात शिगम्याला घोडेमोडणी होते, तेव्हा नाचणारे अगदी असेच घोडे कमरेला बांधतात! नातीला मी ते हातवारे करून नाचून दाखवलं. आजोबांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि पुन्हा खाली केला.

मंगळवारी संध्याकाळी मी वर गेले तर पोरीचे डोळे लाल. काय झालं? तर तिने दोन्ही मनोरे सारखे केले होते! कागदी रुमालांच्या गुंडाळीतल्या दोन नळ्या घेतल्या, त्या एकाच मापाच्या. दोन्हींवर खवले लावून झाले, बसवून झाले आणि मग लक्षात आलं. आता एक नळी कापायची, तर वर्षभराच्या चांदीची लक्तरं होणार. न कापावी, तर ते मारियाचं चर्चच नव्हे. स्पर्धा गुरुवारी. आजोबा मदत करतील म्हटलं, तर ते आपलं एक काम सोडून बोलायला तयार नाहीत. मला जरा रागच आला. पण त्यांचं म्हणणं असं, की मुलांच्या गटात मुलांनीच केलेलं हवं. तेही खरंच.

ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग खिडकीशी गेली, बाहेर अंधारात चर्च दिसत नव्हतंच, पण पाहत राहिली. परत येऊन म्हणाली, कापायचं नाही, वाढवायचं! एका मनोऱ्यावर आणखी एक शेंडा चढवायचा आणि त्याला मुकुट घालायचा. पुठ्ठा मिळाला, पण सोनेरी चांदी संपली होती. मी खाली धावले. घरून मिठाई आणली होती, तिच्या खोक्यात तळाला सोनेरी कागद होता. थोडा तुपकट होता, तो वहिनीने कापसाने पुसून दिला. पोरीने त्याचा आठ टोकांचा मुकुट कापला. तो चिकटवताना तिने श्वास रोखून धरला होता, आणि मीही.

गुरुवार उजाडला तो बर्फाच्या भुरभुरीनेच. डिसेंबरचा पहिला गुरुवार. सकाळीच लोक चौकात यायला लागले. कोणी शोप्का छातीशी धरून, कोणी बाळाच्या ढकलगाडीत घालून, कोणी चौघांनी उचलून. वर प्लॅस्टिकचा कागद, कारण ओली झाली की पुठ्ठा संपलाच. चौकात मित्स्क्येविच या कवीचा पुतळा आहे. पोलंडचा हा फार मोठा कवी. गंमत म्हणजे हयातीत त्याने क्राकोव कधी पाहिलंच नाही! या पुतळ्याच्या पायऱ्यांवर एकेक शोप्का ठेवतात. पाहता पाहता सगळ्या पायऱ्या झगमगायला लागल्या. माणसाहून उंच शोप्का होत्या, आणि दुसऱ्या टोकाला अगदी इवल्याशा. १५ सेंटिमीटरच्या आत बसणाऱ्यांचा एक वेगळा गटच असतो. त्यातली एक काडेपेटीएवढी होती. तीतही मनोरे दोन, आणि तेही लहानमोठे! काही शोप्कांमध्ये छोटी मोटर बसवलेली, त्यामुळे माणसं गोल फिरत होती, दारं उघडत होती. एका शाळेतली सात-आठ मुलं मिळून एक शोप्का घेऊन आली होती आणि ती कोणी धरायची यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. अगदी आपल्यासारखंच. मला बरं वाटलं.

बारा वाजता उंच मनोऱ्यावरून कर्णा वाजला, तुटला, आणि मग एकेकाला मंचावर बोलावून सगळ्यांना शोप्का दाखवायला सांगितली. आमच्या पोरीचा नंबर आला तेव्हा वारा सुटला होता. तिने एका हाताने शोप्का धरली आणि दुसरा हात मुकुटापुढे आडवा धरला. त्यामुळे परीक्षकांना सोडाच, आम्हालाही मुकुट दिसला नाही! मग सगळी मिरवणूक चौकाच्याच कोपऱ्यावरच्या क्शिश्तोफोरी वाड्यात गेली. तिथे शहराचं संग्रहालय आहे. इमारतीची रचना कशी आहे, रंग एकमेकांना शोभतात का, माणसं कशी झालीत, परंपरा सांभाळून काही नवं केलंय का, असं बघून परीक्षक निकाल लावतात.

ही स्पर्धा सुरू झाली १९३७ साली. पहिल्या महायुद्धानंतर शोप्का करणारे कमी होत चालले होते. ही कला मरू नये, म्हणून येझी दोब्झित्स्की या गृहस्थांनी स्पर्धेची कल्पना काढली. दोन वर्षं ती झाली, आणि १९३९ साली हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. चौकाचं नाव बदलून हिटलरचं नाव दिलं. वावेलच्या राजवाड्यात त्यांचा अधिकारी राहायला आला. १९४० मध्ये कवीचा तो पुतळाही त्यांनी पाडून टाकला. स्पर्धा बंद. युद्ध १९४५ साली संपलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पर्धा पुन्हा झाली! लोकांकडे नीट खायला नव्हतं, मग चांदी कुठून आणली असेल? पण आणली. पुतळा मात्र १९५५ साली पुन्हा उभा राहिला. पुढे २०१८ मध्ये युनेस्कोने शोप्काच्या परंपरेला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. या यादीत गेलेली पोलंडची ही पहिलीच परंपरा.

याच युद्धाचा एक धागा थेट आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. मी कोल्हापूरच्या जवळच्या शाळेत शिकवते, म्हणून तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना रशियन सरकारने घरांतून उचलून सैबेरियासारख्या थंड, दूरच्या भागांत नेऊन टाकलं. पुढे सुटका झाल्यावर त्यांतले काही जण इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरशेजारी वळिवडे इथे त्यांच्यासाठी वसाहत उभारली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश माणसं तिथे राहिली. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दुकानं होती. पाच नाताळ त्यांनी आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यात काढले. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घर सुटलेले सिंधी लोक येऊन राहिले. आज आपण जिथे कापड घ्यायला जातो ते गांधीनगर, तेच! कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांची आठवण म्हणून स्तंभ आहे, आणि तिकडे वॉर्सामध्ये कोल्हापूरचं नाव असलेलं स्मारक आहे.

हे मी आजोबांना वहिनीमार्फत सांगितलं. ते उठले, नकाशांचं पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, दाखवा. मी मुंबईच्या खाली बोट ठेवलं. त्यांनी सैबेरियावर बोट ठेवून ते इराणवरून हळूहळू खाली आणलं, माझ्या बोटापर्यंत. नात विचारत होती, मग तिकडे बर्फ नव्हता तर नाताळ कसा वाटला असेल? आजोबा म्हणाले, ऊबदार.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. तिघांना कसलं, चौघांना! बाळ तोवर आलं होतं. या जेवणाला ते विगिलिया म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवायला बसत नाही. त्या दिवशी मांस करत नाहीत. बारा पदार्थ असतात, त्यांत मासे, बीटचं सार, खसखशीची मिठाई असं असतं. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलं गवत पसरलेलं होतं, गव्हाणीतल्या गवताची आठवण म्हणून. हात ठेवला की कापडाखाली कुरकुर वाजायचं. आणि एक ताट कोणाचंच नसतं. अवचित कोणी दार ठोठावलं, तर त्याच्यासाठी ते मांडून ठेवायचं. त्या रात्री बारा वाजता गोठ्यातली जनावरं माणसांसारखी बोलतात, असंही तिथे म्हणतात. नातीने आपल्या मांजरीला बारापर्यंत जागं ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मांजर साडेनऊलाच झोपली.

तुम्हालाही असा राजवाडा करता येईल. क्राकोवचंच चर्च हवं असं नाही. तुमच्या गावात जी इमारत तुम्हाला सर्वांत आवडते, ती आधी समोर उभं राहून वहीत काढा. देऊळ, मशीद, चर्च, वाडा, घड्याळाचा मनोरा, एसटी स्टँडसुद्धा चालेल. तिचे खिडक्या-खांब मोजा, कारण घरी आल्यावर आठवत नाहीत. बुटाच्या खोक्याचा तळमजला, त्याहून लहान खोक्याचा वरचा मजला. मनोऱ्यांसाठी पुठ्ठ्याच्या नळ्या. त्या चिकटवण्याआधी उंची ठरवा बरं का! खिडक्या कापायचं काम ताई-दादांना किंवा आईबाबांना सांगा, कारण पुठ्ठ्यावरून पातं निसटतं. चांदीवर नक्षी काढायला रिफिल संपलेलं पेन उत्तम. खाली जुनी चादर चार घड्या करून घ्या. दिव्यासाठी बॅटरीवरची छोटी माळच वापरा. आत मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको, कागद आहे तो. आणि गावातली माणसं विसरू नका. पोस्टमन, भाजीवाली, दूधवाले काका, नाक्यावरचा कुत्रा. क्राकोवच्या शोप्कांमध्येही अशी साधी माणसं असतातच.

निकाल रविवारी लागला होता. आमच्या पोरीला बक्षीस मिळालं नाही, आजोबांना तिसरं मिळालं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण दोघांच्याही शोप्का वाड्यातल्या प्रदर्शनात लागल्या. परत निघायच्या आधी मी पाहून आले. काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर तिची शोप्का होती. मुकुट किंचित कलला होता. शेजारी उभी असलेली एक बाई आपल्या मुलाला तोच मनोरा बोटाने दाखवत होती. ती काय म्हणत होती ते मला कळलं नाही. आता पोरीने पत्र पाठवलंय, की नव्या शोप्कासाठी चांदी गोळा करतेय आणि सोनेरी कमी पडतेय. माझ्या वर्गाने ३७ सोनेरी कागद जमवलेत. नखाने घासून, इतिहासाच्या पुस्तकात ठेवलेले.